मॉरिशसची साउथ-वेस्ट डे टूर: घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी

मॉरिशसला पोचलं की हॉटेलच्या लॉबीत, किनाऱ्यावरच्या टपरीवर, टॅक्सीवाल्याच्या हातातल्या लॅमिनेट केलेल्या कागदावर, सगळीकडे साधारण त्याच सहली छापलेल्या दिसतात. त्यातल्या बहुतेक समुद्राच्या असतात. डोंगराची सहल खऱ्या अर्थाने एकच, ती म्हणजे साउथ-वेस्ट टूर. पठारावरच्या क्युरपीप शहरातलं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसची दरी, शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती, शेवटी ले मोर्नचा कडा. मॉरिशसला जाऊन नुसता समुद्र बघून परतणाऱ्यांनी अर्धंच बेट पाहिलेलं असतं, म्हणून ही सहल घ्यावीच. मात्र ती जशी विकली जाते तशीच्या तशी घेऊ नये.

खाजगी गाडी आणि बोलका गाइड असेल तर या सहलीला पाचपैकी साडेचार. मोठ्या बसमधून, दुकानांच्या थांब्यांसह केली तर अडीच, त्यातला एक गुण नुसत्या ले मोर्नचा. एवढा फरक पडतो तो ठिकाणांमुळे नाही. ठिकाणं दोन्हीकडे तीच असतात. फरक पडतो क्रमामुळे आणि वेळेमुळे.

आधी बेटाची रचना लक्षात घ्यावी, म्हणजे पुढचं सगळं समजतं. मॉरिशस जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद. ज्वालामुखीतून वर आलेलं. जुन्या ज्वालामुखीच्या कडा झिजून आज जे उरलंय तेच हे तुटक, टोकदार डोंगर. उंची आपल्या सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही: सर्वात उंच शिखर पितों द ला पेतीत रिव्हिएर न्वार, 828 मीटर. पण ते थेट समुद्राजवळ उभे असल्याने डोळ्यांना दुप्पट उंच भासतात. मध्यभागी पठार आहे आणि त्यावर आग्नेयेकडून वारा सतत येत असतो. हा दमट वारा पठारावर चढतो, गार होतो आणि ढग धरतो. म्हणून सकाळी स्वच्छ असलेलं क्युरपीप बारा वाजेपर्यंत बऱ्याचदा धुक्यात जातं, आणि त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावर कडक ऊन असतं.

आता विकली जाणारी सहल बघा. उत्तरेला ग्रां बे भागातून साडेआठला गाडी निघते. वाटेत चार हॉटेलांतून माणसं उचलायची, म्हणजे तिथेच पाऊण तास जातो. मग पहिला थांबा फ्लोरेआल किंवा क्युरपीपमध्ये जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचा कारखाना, शेजारी कपड्यांचं किंवा हिऱ्यांचं दुकान. इथे चाळीस मिनिटं. कारागिरी खरोखर सुंदर असते. एकेका जहाजाच्या शिडाला, दोऱ्यांना किती हात लागतात हे पाहण्यासारखं आहे. पण अशा थांब्यांच्या विक्रीवर बहुधा कमिशन ठरलेलं असतं, आणि तुमच्या दिवसातला सर्वात स्वच्छ तास पंख्याखाली उभं राहण्यात जातो. परिणामी विवरावर अकरा, गंगा तलावावर पावणेबारा, दरीच्या व्ह्यूपॉइंटवर एक, आणि नेमके तेव्हाच ढग खाली उतरलेले. मग गाइड म्हणतो, "आज नशीब नाही." नशिबाचा काही संबंध नाही. साडेसातला निघून दुकान वगळलं असतं तर दरी दिसण्याची शक्यता कितीतरी वाढली असती.

म्हणून बुकिंग करतानाच तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, व्हॉट्सअॅपवर चालेल: दुकानांचा एकही थांबा नको; पिकअप साडेसातला, आणि तोही थेट; प्रवेशशुल्क व जेवण किमतीत धरलंय की वेगळं. यातला शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. विवर, गंगा तलाव, गॉर्जेसचा व्ह्यूपॉइंट आणि ले मोर्नचा किनारा, चारही ठिकाणी तिकीट नाही. शामारेलला आहे. धबधबा आणि रंगीत माती एकाच खाजगी आवारात आहेत आणि एकाच तिकिटात होतात, त्यामुळे "दोन तिकिटं" असं कोणी सांगितलं तर विचारा. गाडी आणि गाइड पर्यटन प्राधिकरणाच्या परवान्यातले आहेत का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. भाषेचं म्हणाल तर इंग्रजी आणि फ्रेंच बहुतेक गाइडना येते, हिंदी बोलणारा गाइड सहज मिळतो, पण तो आधी सांगावा लागतो. आईवडील बरोबर असतील तर हे आवर्जून करा. ले मोर्नची गोष्ट (ती पुढे येते) अर्धवट कळली तर ती न ऐकल्यासारखीच.

पहिलं ठिकाण, त्रू-ओ-सेर, म्हणजे क्युरपीपचं विवर. नावाचा अर्थ हरणांचा खड्डा. डच लोकांनी 1639 मध्ये जावाहून हरणं आणून या बेटावर सोडली, त्यांची आठवण. विवर साधारण तीनशे मीटर रुंद, ऐंशी मीटर खोल, आत दाट झाडी आणि तळाशी थोडं पाणी. खरं तर विवरापेक्षा त्याच्या काठावरून दिसणारे डोंगर जास्त देखणे: त्रोआ मामेलची तीन टोकं, रांपारचा सुळका, खाली क्युरपीप शहर. काठाला एक फेरी मारायला पंधरा मिनिटं. बसचे गट एका जागी फोटो काढून निघतात. तुम्ही फेरी पूर्ण करा, पलीकडची बाजू अधिक मोकळी आहे.

गंगा तलावाला मात्र तासभर द्यायलाच हवा. साधारण 550 मीटरवर एका जुन्या विवरात साठलेलं हे नैसर्गिक तळं, फ्रेंच नाव ग्रां बासें, जुन्या लोकांच्या तोंडी परी तलाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की या तळ्याचं पाणी गंगेशी जोडलेलं आहे, आणि तिथून महाशिवरात्रीची पायी यात्रा सुरू झाली. 1972 मध्ये भारतातून गंगाजल आणून त्यात मिसळलं गेलं. वाटेवर उभी असलेली मंगल महादेवाची मूर्ती 33 मीटर म्हणजे 108 फूट उंच, 2007 सालची. वडोदऱ्याला सूरसागर तळ्यातला महादेव पाहिला असेल तर ओळख लगेच पटते, कारण ही त्याचीच प्रतिकृती. समोर तेवढ्याच उंचीची दुर्गेची मूर्ती नंतर उभी राहिली.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, गाडी मूर्तींपाशी थांबते, फोटो होतात आणि लोक तिथूनच परत फिरतात. तळं पुढे आहे. काठावरची मंदिरं, पाण्यात पाय बुडवलेल्या पायऱ्या, पाण्यात उभ्या केलेल्या मूर्ती, आणि तिथे शांतपणे अगरबत्ती लावून जाणारी स्थानिक कुटुंबं, हे सगळं तिकडे. दुसरी चूक थंडीची. किनाऱ्यावर तुम्ही घामाने भिजत असता आणि इथे वाऱ्यात चार-पाच अंशांनी गार, शिवाय ओल्या फरशीवर अनवाणी. एक पातळ जाकीट आणि जादा मोज्यांचा जोड पिशवीत ठेवा. प्रसादाची केळी उघडी धरू नका, माकडं हिसकावतात. महाशिवरात्रीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत लाखो लोक कावडी घेऊन पायी येतात आणि रस्ते भरून जातात. त्या दिवसांत ही टूर घेणं म्हणजे गाडीत बसून राहणं. यात्रा बघायची असेल तर ती स्वतंत्रपणे, गाइडला विचारून, थोडं चालायच्या तयारीने बघावी. ती या सहलीत कोंबू नये.

पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान, 1994 मध्ये जाहीर झालेलं. बेटावरचं मूळ जंगल जे काही शिल्लक आहे त्यातलं बरंचसं इथे. व्ह्यूपॉइंटवरून दरी उतरत उतरत पश्चिमेच्या समुद्राला मिळताना दिसते. गाइडने इथे दोन गोष्टी दाखवल्या तर तो कामाचा माणूस समजा. पहिली, पांढऱ्या शेपटीचे समुद्रपक्षी, जे दरीत तुमच्या डोळ्यांच्या पातळीखाली तरंगत असतात. दुसरी, रस्त्याच्या कडेला माजलेली चिनी पेरूची झुडपं. लाल, सुपारीपेक्षा थोडी मोठी, आंबटगोड फळं; लोक हंगामात टोपल्या भरून नेतात. फळ गोड पण झाड उपद्रवी: त्याने मूळच्या एबनीसारख्या वृक्षांची जागा खाल्ली. इथल्या ससाण्याची गोष्टही विचारा. मॉरिशस केस्ट्रेल 1974 मध्ये जगात अवघे चार उरले होते, आणि अंडी हाताने उबवून, पिल्लं वाढवून, घरटी बसवून ही जात परत आणली गेली. पक्षी दिसेलच असं नाही. पण नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याच्या खेळण्यांनी भरलेल्या बेटावर ही दुसरी गोष्ट ऐकायलाच हवी.

व्ह्यूपॉइंटबाहेर अननस विकणारे असतात. अननस सोलून, देठ धरून खाता येईल असा कापतात आणि वर तिखट-मीठ, चिंच. घ्याच. फक्त गाडीत बसून खा, कारण माकडांना तोही आवडतो. अलेक्झांड्रा धबधबा जवळच आहे. वेळ कमी असेल तर वगळला तरी काही बिघडत नाही.

शामारेल हे सहलीचं पोस्टर, आणि अपेक्षाभंगही सर्वाधिक इथेच. धबधब्याचं ठीक आहे. जंगलाच्या भिंतीवरून ऐंशी मीटरांहून जास्त सरळ कोसळतो आणि दुपारच्या उन्हातच दरीच्या तळापर्यंत उजेड पोचतो. जानेवारी ते एप्रिल भरून वाहतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरला बारीक होतो. वरच्या पायऱ्यांवरचा कठडा खालच्यापेक्षा चांगला.

रंगीत मातीचं मात्र नीट समजून घ्या. लाव्हाचा बेसाल्ट पाऊस-उन्हाने कुजून त्याची चिकणमाती झाली, त्यातलं सिलिका वाहून गेलं, लोह आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड राहिले. लोहामुळे लाल-तपकिरी, अॅल्युमिनियमकडे झुकणाऱ्या भागांत निळसर-जांभळट. हे लहानसं, कुंपण घातलेलं, उघडं टेकाड आहे. मैलोन्मैल पसरलेलं वाळवंट नाही. जाहिरातीतले रंग वाढवलेले असतात. डोक्यावरच्या उन्हात सगळं एकसारखं विटकरी दिसतं. पाऊस पडून गेल्यावर किंवा कलत्या उन्हात फरक उमटतो. मेपासून ऑगस्टपर्यंत सूर्य दुपारीही उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे तेव्हा दुपारचा थांबा तितका वाया जात नाही. नोव्हेंबर-डिसेंबरला तो बरोबर माथ्यावर, तेव्हा बारा वाजता तिथे पोचणारी टूर घेऊच नये. उत्तरेत राहणाऱ्याला पठार स्वच्छ हवं आणि मातीही कलत्या उन्हात हवी, हे दोन्ही एका दिवसात साधत नाही. निवड करायची तर पठार निवडा. दरी ढगात गेली तर काहीच दिसत नाही, माती फिकी दिसली तरी दिसते. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाक किंवा ले मोर्नकडे उतरलेल्यांनी उलट दिशेने जावं: सकाळी काज न्वायालहून चढून गेट उघडताच शामारेल, मग दरी, मग गंगा तलाव. रंगीत मातीच्या शेजारीच अल्डाब्रा जातीची महाकाय कासवं आहेत, मुलांचा अर्धा तास तिथे जातो, तो हिशेबात धरा.

रमची भट्टी बघायची का? रुमरी द शामारेल 2008 पासून चालू आहे आणि नीटनेटकी आहे. उसाच्या मळीऐवजी ताज्या रसापासून इथे रम काढतात, त्यामुळे चवीत उसाचा हिरवेपणा राहतो. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला गाळपाचा भाग ओळखीचा आणि गंमतीचा वाटेल. गटात कोणीच पीत नसेल तर पाऊण तास वाचवून ले मोर्नला द्यावा.

जेवणाबद्दल. टूरमध्ये धरलेलं जेवण शामारेल गावात असतं: हरणाचं किंवा रानडुकराचं मटण, पामच्या कोंबाची कोशिंबीर, मसूर, पालेभाजी, भात. मांसाहाऱ्यांसाठी उत्तम. शाकाहाऱ्यांना बहुतेक ठिकाणी भात-मसूर-भाजी मिळते, पण रुगाय या टोमॅटोच्या रश्श्यात सुकी मासळी किंवा सॉसेज असू शकतं, आणि नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस. आदल्या दिवशी कळवा, टेबलावर बसून नको. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो: जेवण किमतीतून काढून टाकायचं आणि सकाळी क्युरपीपच्या बाजारात धोल पुरी घ्यायची. डाळ शिजवून, वाटून, जिरं-हळद घालून अगदी पातळ लाटलेली ही तिखटमिठाची पुरणपोळीच. नेहमी जोडीने मिळते, मध्ये मोठ्या वालांचा रस्सा, रुगाय, लोणचं आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून. "पिमा" म्हणजे मिरची. नको असेल तर आधी सांगा, कारण थोडी म्हणजेही बरीच असते. सोबत गातो पिमा, म्हणजे डाळवडे. दोन जोड्यांत पोट भरतं आणि शामारेलचा तास वाचतो.

शामारेलहून काज न्वायालला उतरणारा रस्ता वळणावळणाचा, तीव्र उताराचा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी जेवणानंतर लगेच न घेता उतार सुरू होण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. मधल्या व्ह्यूपॉइंटवर थांबायला सांगा: खाली इल ओ बेनितिए, खाजणाचे निळ्याचे पाचसहा थर, डाव्या हाताला ले मोर्न.

ले मोर्नचा कडा 556 मीटर. 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तो नुसता सुंदर म्हणून नव्हे. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या माथ्यावर आणि कपारीत लपून राहत. 1 फेब्रुवारी 1835 ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. लोककथा सांगते की ती बातमी द्यायला आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला पकडायला आलेत असं समजून, वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. पायथ्याशी गुलामांच्या मार्गाचं स्मारक आहे, दगडी शिल्पांचं. बहुतेक टूर ते वगळून थेट किनाऱ्यावर नेतात. गाडी तिथे थांबवायला लावा, वीस मिनिटं पुरतात, आणि गाइडने ही गोष्ट तिथेच उभं राहून सांगावी. मग सुरूच्या झाडांखालून किनाऱ्यावर जा. दुपारी तीननंतर ऊन पश्चिमेकडून कड्याच्या दगडावर पडतं आणि तो उजळतो. रविवार असेल तर स्थानिक कुटुंबं डबे, चटया, रावान घेऊन आलेली असतात. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची मोठी डफ. शेकोटीवर तापवून कातडं ताणतात आणि सेगा, म्हणजे इथलं पारंपरिक नाचगाणं, सुरू होतो. हॉटेलातला सेगा पाहिलेल्यांनी हा जरूर ऐकावा. मध्येच फोन पुढे करू नका, थोडं बसा, मग विचारा.

दोन खुलासे. जाहिरातीत दिसणारा "पाण्याखालचा धबधबा" हा वाळू समुद्रात घसरत गेल्याने होणारा भास आहे, तो वरून, हवेतूनच नीट दिसतो. डे टूरमध्ये तो "बघायला मिळेल" असं कोणी म्हटलं तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि कड्यावर चढायचं असेल तर तो वेगळा दिवस. पहाटे सुरुवात, तीन-चार तास, वरचा टप्पा हात टेकून चढण्याचा. पावसानंतर दगड निसरडा होतो.

सकाळीच पठार धुक्यात असेल तर? चांगला गाइड हट्ट करत नाही. गंगा तलावाचं दर्शन घेऊन दक्षिणेला बुआ शेरीच्या चहामळ्यांतून सुइयाकला उतरतो. तिथे ग्री-ग्रीला प्रवाळाचा बांध नाही, त्यामुळे लाटा सरळ कड्यावर आदळतात. मग किनाऱ्याने बे द्यु काप, ले मोर्न आणि दुपारी ढग विरळ झाले तर खालून शामारेल. हा पर्यायी रस्ता विचारूनच गाइड पारखता येतो: "ढग असले तर काय कराल?" याला उत्तर नसेल तर दुसरा गाइड शोधा. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ, इशारे एक ते चार अशा श्रेणींत येतात. तेव्हा पैसे परत की तारीख बदलून, हे बुकिंगलाच ठरवा.

परतीचा रस्ता पश्चिम किनाऱ्याने, तामारें आणि कास्कावेल या गावांवरून. बहुतेक जण इथे झोपलेले असतात. मराठी माणसाने जागं राहावं. 2 नोव्हेंबर 1834 ला अॅटलास जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले, गुलामगिरी संपायच्या तीन महिने आधी, त्याच उसाच्या मळ्यांसाठी. त्यानंतरच्या दशकांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातूनही लोक आले आणि त्यातले बरेच या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाक्वाच्या बाजूला स्थिरावले. आज त्यांची घरची बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली भाषा, आहे, मराठी शाळेत शिकवली जाते, कोकणातली जाखडी इथे झाकरी म्हणून टिकून आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात 1896 मध्ये हेन्रिएटा गावात झाली असं मानतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. अलीकडच्या वर्षांत ही सुट्टी भारतातल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या दिवशी आली आहे. तुमची तारीख तिला जुळत असेल तर सहलीतून रमची भट्टी आणि अलेक्झांड्रा दोन्ही काढा, ले मोर्नहून तीनला निघा आणि गाइडला कास्कावेलच्या मिरवणुकीपाशी सोडायला सांगा. त्या दिवशी रस्ते अडतात, म्हणून हॉटेलला परत न्यायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवून ठेवा.